कुठून, कुठपर्यंत

"...पण मशीनने काही तक्रार केली नाही, माई. म्हणजे बरोबरच झालं असणार ना?"

कौस्तुभने पुन्हा तेच विचारलं.

भागीरथीमाई चिंचोके काढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सीना नदीच्या काठच्या या लहानशा मठात एक रीत आहे. म्हातारी माणसं येतात, माइकसमोर बसतात आणि घरच्यांसाठी चार शब्द बोलून जातात. याला इथे 'ठेव' म्हणतात. माणूस गेलं की दरवर्षी तिथीला घरचे येतात, ती ठेव ऐकतात, डोळे पुसतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात.

माई दीक्षा घेण्याआधी सरकारी कॉम्प्युटर खात्यात होत्या, त्यामुळे ठेवींची खोली त्यांच्याच देखरेखीखाली. कौस्तुभ पुण्याहून शिकायला आलेला. मुलगा हुशार, आणि तसं त्याला कुणी सांगायची गरज लागत नसे.

ठेवींची जुनी डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, म्हणून त्यानेच झोनची डिस्क आणली. झोन म्हणजे खण. प्रत्येक खणात पहिल्यापासून लिहीत पुढे जायचं, मागे वळून एक अक्षरही बदलायचं नाही. काही खोडायचं असेल तर अख्खा खण रिकामा करावा लागतो. ते काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून होतं.

अशी ओळ कौस्तुभ जमेल तितकी आखूड लिहीत असे. शहाण्याने कमी बोलावं, हे त्याने माईंकडूनच उचललं होतं. कुठे बोलावं, ते मात्र शिकायचं राहून गेलं होतं.

"काय लिहिलंस?" माईंनी विचारलं.

"रिकामं कर, एवढंच. आणि डिस्कचं नाव."

"रिकामं काय करायचं होतं?"

"शेवटचा खण. त्यात माझंच हॅलो हॅलो टेस्टिंग होतं."

"शेवटचा, असं लिहिलंस?"

"तसं नाही लिहिलं."

"कुठून करायचं? कुठपर्यंत करायचं?"

"माझ्या मनात शेवटचाच होता, माई."

माईंचा हात चिंचेवर थांबला.

"आपण हे सांगितलं नाही, तर ती डिस्क काय समजते?"

कौस्तुभने ते वाचलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पटकन सांगितलंही असतं.

"पहिल्यापासून... शेवटपर्यंत."

बाहेर ओट्यावर सरूबाई बसल्या होत्या. आज त्यांच्या मालकांची तिथी. सकाळीच एसटीने आल्या होत्या, मांडीवर शिऱ्याचा डबा होता. अजून किती वेळ लागेल, असं त्यांनी एकदा विचारलं होतं आणि कौस्तुभने "झालंच" म्हणून सांगितलं होतं.

"दुसरी प्रत?" माई म्हणाल्या.

"आधी साफसफाई करतो, मग प्रत काढतो, असं ठरवलं होतं."

"जुनी डिस्क?"

"आवाज नव्या डिस्कवर हलवून झाले आणि ती बंदच पडली."

माई उठून ठेवींच्या खोलीत गेल्या. कौस्तुभ त्यांच्या मागून, आपल्याच खोलीत चोरासारखा.

"विचार त्या डिस्कला. प्रत्येक खणात काय आहे ते."

त्याने ती ओळ टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं, पण दाबवेना. न बघता निघून जाता आलं असतं तर तो त्या क्षणी पुण्याला गेला असता.

"माई... न बघितलं तर?"

माई पडद्याकडे बघत होत्या.

त्याने एंटर दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. खण रिकामा. खण रिकामा. खण रिकामा. ओळी खाली सरकत राहिल्या आणि कौस्तुभ, मध्ये कुठेतरी एखादा भरलेला सापडेल, म्हणून त्या वाचत राहिला. एकही सापडला नाही.

"तुम्ही सांगा ना त्यांना," तो म्हणाला. "तुमचं ऐकतील."

"बोट माझं नव्हतं."

कौस्तुभ ओट्यावर गेला. पाठ करून आणलेली वाक्यं दारातच विसरली.

"मावशी, आवाज गेला. माझ्या हातून पुसला गेला. सगळ्यांचेच गेले."



"समदंच?"

"हो."

"आन् फुडल्या सालाला?"

"नाही, मावशी. पुढच्या वर्षीही नाही."

त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग पदर सावरून, समोरच्या नदीकडे बघत त्या हळू आवाजात बोलू लागल्या, त्याच्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे.

"सरे, कोंबड्या दिस बुडायच्या आत कोंडत जा. लिंबाच्या रोपाला पानी घाल, नुसतं बघत नगं बसू..." त्या थांबल्या. "हितं खोकले व्हते." आणि त्या स्वतःच तसं खोकल्या. "म्या तुला लई तोडून बोललो. ते समदं..."

त्या गप्प झाल्या.

"विसरलात का?" कौस्तुभने विचारलं.

"न्हाई. हितं ते बी गप बसले व्हते."

आणि त्या तेवढाच वेळ गप्प बसल्या. मग पुढचं बोलल्या.

कौस्तुभच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. कधी तरी माई बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हातातला माइक सरूबाईंसमोर ठेवला आणि त्याची वायर कौस्तुभच्या हातात दिली.



"पण माई," तो हळूच म्हणाला, "हा आवाज त्यांच्या मालकांचा नाही..."

माई म्हणाल्या, "त्यांचा होता, तेव्हा तू ऐकला होतास का?"