न दिलेली ओळख

एकदा एक निवृत्त सुभेदार आपल्या वृद्ध गुरूंकडे आला, तो संतापानेच. रंगराव भोईटे त्याचे नाव. ऐन तारुण्य त्याने हिमशिखरांवर घालवले होते. निवृत्तीनंतर तो कामाच्या शोधात वणवण फिरत होता आणि जाईल तिथे त्याला एकच काम देऊ केले जात होते, फाटकावरच्या पहारेकऱ्याचे.

गुरू म्हणजे तात्या इंगवले. रंगराव रंगरूट होता तेव्हा त्यांनीच त्याला घडवले होते. तो त्यांना अजूनही उस्ताद म्हणे.

"सव्वीस जानेवारीला हार घालतात, उस्ताद," रंगराव म्हणाला, "आणि सत्तावीसला ओळखसुद्धा दाखवत नाहीत."

"तू कोणाला जाऊन भेटलास?"

"अर्ज पाठवलेत. ओळखी काढून पुढे सरकणे मला जमणार नाही. हात पसरायला मी भिकारी नाही."

दुसऱ्या दिवशी तात्या त्याला दोशीशेठांच्या पेढीवर घेऊन गेले. शेठांची फळे ट्रकांतून दूरदूरच्या बाजारांत जात. शेठांनी उठून तात्यांना नमस्कार केला आणि विचारले, "हे कोण?"

"त्यांनाच विचारा. मला ठाऊक नाही."

रंगरावच्या मस्तकात तिडीक गेली. ज्यांनी हाती बंदूक दिली, त्यांनीच परक्यासमोर ओळख नाकारावी?

"मी सांगतो मी कोण ते," तो म्हणाला. "बर्फाने रस्ता बंद होण्याआधी सगळ्या ठाण्यांवर हिवाळ्याचा शिधा पोचवणे हे माझे काम होते. कोणती गाडी आधी सोडायची, दरड कोसळली तर माल कुठे उतरवायचा, सारे मी ठरवत असे. डिझेल गोठायचे, गाड्या अडायच्या. पण एकही जवान उपाशी राहिला नाही. आणि इथे लोक मला फाटकावरचे स्टूल दाखवतात."

शेठ गंभीर झाले. "सुभेदार म्हटले की आम्हाला पहाराच आठवतो. चूक आमचीच. माझ्याकडे आज जागा नाही, खोटे कशाला बोलू? पण माझ्या व्याह्यांची शीतगृहे आहेत आणि त्यांचा माल वाटेतच नासतो. त्यांना भेटा. मी फोन करून ठेवतो."

बाहेर येताच रंगरावने विचारले, "मला ओळखत नाही म्हणालात. का?"

"मी काय सांगितले असते? हा शूर आहे, प्रामाणिक आहे. ते ऐकून शेठांनी तुला स्टूलच दिले असते. बर्फातल्या त्या गाड्यांविषयी तू माझ्याशी तरी कधी बोललास? मला खरोखरच ठाऊक नव्हते." तात्यांचा स्वर कठोर झाला. "तुझा राग खोटा नाही. ज्या समाजाला सैनिक केवळ पुतळ्यात दिसतो, त्याचा मलाही संताप येतो. पण ज्याला तुझे काम ठाऊक नाही, त्याला ते सांगणे ही याचना नव्हे. अंधारात शेजारच्या जवानाला 'मी इथे आहे' असे सांगताना तुला कधी लाज वाटली होती का?"

रंगरावने पेढीकडे वळून पाहिले. राग पुरता शमला नव्हता.

"आमचा मेकॅनिक दगडू साळुंखे," तो म्हणाला, "तोही घरीच बसून आहे. त्याचेही शेठांच्या कानावर घालतो."

आणि तो पेढीच्या पायऱ्या पुन्हा चढू लागला.