दारातल्या चपला

मंडळी, त्या आंतरराष्ट्रीय तंत्र विद्यापीठाच्या सभागृहाला गालिचा मीच पुरवला, म्हणून नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला मलाही बोलावणं होतं.

संचालक टिपरेसाहेब माइकवरून कडाडले, "दारात चपला कोणी काढल्या? हे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे, देऊळ नव्हे! ज्याच्या असतील त्याने उचलाव्यात आणि घरी जावं. प्रवेश रद्द!"

औशाहून शिकायला आलेली मंजुळा उठली.

"सर, माझ्या आहेत. नव्या गालिच्यावर पाय ठेवायला मन धजेना. जाते मी. पण शेजारचे बूट जपानच्या पाहुण्यांचे आहेत. ते वडीलधारे, आधी त्यांना निघू द्या."

सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावर गेल्या. पाहुणे नुसत्या मोज्यांवर बसलेले! साहेबांचा तर आ मिटेना. मग ते तिथंच वाकले, आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुटपुटले, "बस, पोरी."