सायाळ आणि राखणदारांचा कायदा

मुलांनो, एका डोंगराच्या कुशीत दाट रान होतं, आणि त्या रानात वारुळामागच्या बिळात एक सायाळ आपल्या धन्याबरोबर, साळिंदराबरोबर, राहत असे. दोघंही गरीब. कंदमुळं उकरावीत, पोट भरावं, दिवसा बिळात झोपावं. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. त्या रानाला पूर्वी वाघाचा फार जाच होता, म्हणून सगळ्या जनावरांनी मिळून रानकुत्र्यांना राखणीला ठेवलं होतं. पाणवठ्याजवळच्या कपारीत त्यांची चौकी होती. पुढे वाघ दुसऱ्या डोंगरावर निघून गेला. राखणदार मात्र राहिले. आता रिकामा दात काही स्वस्थ बसत नाही, बरं का. ज्यांना राखायचं, त्यांच्यावरच ते गुरकावू लागले.

एकदा तिन्हीसांजेला साळिंदर पाणवठ्याच्या काठी कंद उकरत होता. राखणदारांनी त्याला हटकलं. "कुणाच्या हुकमानं उकरतोस रे?" साळिंदर म्हणाला, "पोटाच्या." एवढंच बोलला बिचारा. त्याला ते कपारीत घेऊन गेले. उजाडता उजाडता सायाळीला निरोप आला, की साळिंदर आपल्याच काट्यांवर पडला आणि गेला.

सायाळ उठली आणि चौकीवर गेली. राखणदारांचा जमादार उन्हात पाय चाटत पडला होता. ती म्हणाली, "जमादार, आमचे काटे मागं वळलेले असतात. आम्ही कसंही पडलो तरी आमचा काटा आम्हाला टोचत नाही. हे रानातल्या उंदरालाही ठाऊक आहे."

"मग उंदराला आण की साक्षीला," जमादार म्हणाला. बाकीचे राखणदार पोट धरून हसले.

तिथून ती गव्याकडे गेली. गवा त्या रानाचा मुख्य होता. अंगानं डोंगराएवढा, मनानं चांगला, पण फार खाली वाकून बघायची सवय नसलेला. सायाळ म्हणाली, "गवादादा, मला सूड नको. माझा धनी पडला नाही, त्याला मारला, एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणावं. आणि असा निरोप पुन्हा कुणाच्या दारी येऊ नये, म्हणून काहीतरी कायदा करा." गव्याला ते पटलं. त्यानं उंबराखाली सभा बोलावली.

सभेत कायदा झाला, आणि खोटं कशाला बोला, कायदा चांगला झाला. राखणदारानं विनाकारण कुणाला दात लावू नये. कुणाला कपारीत न्यायचंच झालं, तर बाहेरच्या दोघांच्या देखत न्यावं. नेलेला धडधाकट परत यावा, आणि न आला तर राखणदारानं त्याचा जाब द्यावा. हरणांनी माना डोलावल्या. मोरानं तर पिसाराच फुलवला. सायाळीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, धनी गेला, पण वाया नाही गेला.

तेवढ्यात एक भेकर हळूच म्हणालं, "पण जाब द्यायचा कुणापुढं?"

सभेच्या कडेनं बंदोबस्ताला राखणदारच उभे होते. मग कोल्हा उठला. राखणदारांच्या उष्ट्यावर तो चांगला गुबगुबीत झाला होता. तो म्हणाला, "गवत खाणाऱ्याला दाताची जखम काय कळणार? आपले थोरले जमादार यंदाच राखणीतून मोकळे झालेत. जन्म गेला त्यांचा या कामात. त्यांनाच बसवा की निवाड्याला."

त्या रानाची एक रीत होती. ठराव पटला की मान खाली घालून चरायला लागायचं, आणि हरकत असेल त्यानं मान वर करून उभं राहायचं. गव्यानं विचारलं, "कुणाची हरकत?" राखणदारांनी एकवार सगळ्या सभेवरून नजर फिरवली. बघता बघता सगळ्या माना गवतात गेल्या. भेकराचीही गेली. एकटी सायाळ मान ताठ वर करून उभी राहिली. पण सायाळीची वर केलेली मान ती केवढी? गव्याच्या गुडघ्यालाही पोचेना. त्याला ती दिसलीच नाही. "एकमतानं मंजूर," गवा म्हणाला, आणि तोही चरायला लागला.

पहिली तक्रार सायाळीचीच होती. सुनावणी त्याच कपारीत झाली. थोरले जमादार मोठ्या मायेनं म्हणाले, "बस, बाई. साक्षीला कोण आहे?" पाणवठ्यावरच्या बगळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी तेव्हा मासा बघत होतो." कासवाला विचारलं, तर त्यानं मान आत ओढून घेतली.

"मग पुरावा काय?"

"पुरावा मीच आहे," सायाळ म्हणाली. "मी पडून दाखवते."

ती खडकावर चढली आणि तिनं स्वतःला खाली सोडून दिलं. पाठीवर पडली. पुन्हा चढली, कुशीवर पडली. छातीतला श्वास कोंडला, अंग ठेचाळलं, पण काटा एकही रुतला नाही. सगळ्यांनी ते पाहिलं.

थोरले जमादार म्हणाले, "छान पडलीस. पण तू सावध होतीस. तुझा नवरा घाबरलेला होता. घाबरलेलं जनावर वेगळं पडतं."

"तो कशाला घाबरला होता?" सायाळीनं विचारलं.

त्यावर निवाडा झाला : चौकशी कायद्याप्रमाणे पूर्ण झाली, साळिंदर पडला.

मुलांनो, कायदा नव्हता तेव्हा रानात निदान कुजबुज तरी होती. आता तीही थांबली. कुणी साळिंदराचं नाव काढलं, की दुसरा म्हणे, "चौकशी झाली ना? मग आता काय?" गवा समाधानानं रवंथ करी. सायाळ कंद उकरायला जाई आणि अर्धवट टाकून परत येई.

अशात एका सकाळी झाडांवरची एक शेकरी धावत तिच्या बिळापाशी आली. "काकू, आमचे हे काल दुपारपासून चौकीत होते. आत्ता निरोप आला, फांदीवरून पडून गेले म्हणून. फांदीवरून शेकरू कधी पडतं का हो? आता कायदा आहे ना? तुमच्यामुळंच झाला म्हणतात सगळे. मला सांगा, कुठं जायचं?"

जाऊ नकोस, असं सायाळीच्या ओठांवर आलं होतं. पण मग हिनं जायचं तरी कुठं? दुसरी जागाच त्या रानात नव्हती. "चल," ती म्हणाली, "कपार दाखवते."

वाटेत शेकरीनं विचारलं, "तिथं गेल्यावर काय सांगू, काकू?"

"खरं असेल ते सांग," सायाळ म्हणाली. मग चार पावलं चालून गेल्यावर हळूच म्हणाली, "फक्त पडून दाखवू नकोस, बाई. लागतं फार."

तात्पर्य : ज्याच्यावर आळ आहे त्याच्याच गोतात निवाडा सोपवला, तर चांगल्यातला चांगला कायदाही अपराध्याचं पांघरूण होतो, आणि दुबळ्याला रडायलाही जागा उरत नाही.