भरलेली विहीर आणि गार चूल

फार मागची गोष्ट. एका गावात माणसं उदंड आणि जमीन बेताची. म्हणून जुन्या लोकांनी गावाच्या मधोमध पेव खणलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. सुगीत घराघरातून ज्वारी जमवायची, पेव भरायचं, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. उघडायचं कधी? विहिरीची तळची पायरी दिसली की. पायरी दिसली म्हणजे दुष्काळ. राखणीला एक कोठारी होता. माणूस सरळ, पण डोकं दगडाचं.

एका वर्षी पाऊस लागला तो थांबेचना. उभी कणसं शेतात काळी पडली. गावात दाणा नाही, आणि विहीर काठोकाठ!

कुंभारीण कोठाऱ्याकडे आली. "भाऊ, पेव उघडा. माझी धाकटी दोन दिवस उपाशी आहे."

"विहीर बघितलीस का? तुडुंब आहे. दुष्काळ कसला?"

"मग लेकीला नुसतं पाणी पाजू?"

"नियम मी नाही केला, बाई. आज उघडलं आणि उद्या खरा दुष्काळ पडला, तर गाव मला जोड्यानं मारेल."

"खरा? मग हा काय तमाशातला आहे? विहिरीत रोज डोकावता, एकदा माझ्या चुलीत डोकावा."

कोठारी तणतणत गेला. चुलीत मांजर झोपलं होतं. त्याला हुसकून यानं राखेत हात घातला. गार. शेजारच्या घरी गेला, तिथंही तेच. तिसऱ्या घरी गेलाच नाही. कुदळ घेऊन थेट पेवावर.

लिंपण फोडलं, आतली कोंदट वाफ जाऊ दिली, मग दोर धरून उतरला. वरची ज्वारी चांगली होती. खाली हात घातला तर चिखल! ज्या पाण्यानं विहीर भरली, तेच झिरपत पेवात शिरलं होतं. आणखी आठ दिवस नियम पाळला असता, तर मूठभरही उरली नसती. कोठारी तिथंच बसून रडायला लागला.

वरून कुंभारीण ओरडली, "भाऊ, रडायचं तर वर येऊन रडा. आधी टोपली भरा!"

धाकटी त्या दिवशी जेवली. गाव कसंबसं पुढच्या सुगीला लागलं.

आता पायरीकडे कोणी बघत नाही. रोज संध्याकाळी गावचा जो कोठारी असेल तो देवळाच्या ओट्यावर चढतो आणि घरांवरचा धूर बघतो. ज्या घरावर धूर नाही, तिथं टोपली घेऊन जातो. कोणी मागायची वाट बघत नाही.

तात्पर्य: लोक उपाशी आहेत का, हे विहिरीला आणि कोठाराला विचारू नका. चूल बघा. उभ्यानं दिसत नसेल तर वाकून बघा.