दर सोमवारी दिवाळी

"म्हणजे मी काय चोर आहे, बाबा?"

मठाच्या ओसरीवर सर्जेराजे तणतणत होते. तरुण राजा, मनानं सरळ. दर पावसाळ्यात ओढ्यात माणसं वाहून जातात, म्हणून पूल बांधायला निघालेला. सभेनं विचारलं, पैसा कुठून आणणार? न्यायाधीशानं बजावलं, कुंभारांची घरं पाडता येणार नाहीत, पूल वळवून घ्या.

"माझ्याच राज्यात सगळे मलाच आडवे! हा बघा हुकूम. सभा बरखास्त, न्यायाधीश घरी. तुम्ही फक्त हो म्हणा, लगेच शिक्का मारतो."

"थांब जरा," महंत भीमगीरबाबा म्हणाले. आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "सोनगीर! एक जिलबी आण."

"नाही मिळणार," आतून आवाज आला. "बाबांना गोड द्यायचं नाही, असं मठातल्या सगळ्या पंगतीनं ठरवलंय."

"वैद्यबुवा, तुम्ही तरी सांगा त्याला!"

कोपऱ्यात औषध खलत बसलेल्या वैद्यबुवांनी मानही वर केली नाही. "पंगतीचं बरोबर आहे. मधुमेहाला गोड म्हणजे विष."

राजे उठलेच. "बाबा, मठ तुमचा! हाकलून द्या ना यांना."

"हाकललं होतं एकदा."

"मग?"

"मग दर सोमवारी दिवाळी यायला लागली."

"...म्हणजे?"

"दिवाळीला जिलबी चालते. मीच जाहीर करायचो."

"आणि लोक काहीच बोलले नाहीत?"

"फटाके आणायचे."

राजांना हसू फुटत होतं, ते त्यांनी दाबलं. "पण बाबा, मला जिलबी नकोय. मला पूल हवाय. लोकांसाठी."

"मलाही दिवाळी लोकांसाठीच हवी होती रे. काय खूश असायचे सगळे..."



बाबा जवळ सरकले, आवाज खाली आणला. "तुला माझा होकार हवाय ना? देतो. आधी आतून जिलबी घेऊन ये. तू राजा. तुला कोण अडवतंय?"

खरंच कुणी अडवलं नाही. राजे आत गेले, जिलबी घेऊन आले. पाक टपकत होता. बाबांनी ऐसपैस पाय पसरले, आ वासला...

तेव्हा राजांना दिसलं. उजव्या पायाला फडकं बांधलेलं. करंगळी नव्हतीच.

"हे कधी झालं?"

"दिवाळीत. जिलब्यांनीच खाल्ली ती. कुठल्या दिवाळीत, ते आठवत नाही. त्यानंतरच तर यांना परत बोलावलं. दे."

राजांचा हात पुढे होईना.

"दे ना. शहाणा ना तू?"

"नाही."

"अरे, गुरूची आज्ञा आहे!"

"असू दे."

राजांनी हुकमाच्या कागदात जिलबी गुंडाळली आणि पुडी आपल्याच कमरेला खोचली. पांढऱ्या अंगरख्यावर पाक आणि शाई एकदमच पसरली. त्यांनी पुसली नाही.

बाबा बराच वेळ त्या पुडीकडे बघत राहिले...

मग आत वळून ओरडले, "सोनगीर, एक पान जास्त वाढ. हाही तुमच्यातलाच निघाला!"