दोनदा टेकलेला चेंडू

रानातली जनावरं कातळाच्या भिंतीवर चेंडू मारून खेळत, त्या काळची ही गोष्ट. भिंतीवरून परतलेला चेंडू जमिनीवर दोनदा टेकायच्या आत टोलवायचा, नाहीतर गुण समोरच्याचा. यंदाच्या स्पर्धेचा सगळा भार म्हाताऱ्या वानरावर होता. जोड्या त्यानेच लावल्या आणि पंचही तोच झाला, कारण त्याच्या शब्दावर सगळ्या रानाचा विश्वास होता.

शेवटच्या सामन्यात त्याचा भाचा आणि ससा समोरासमोर आले. दोघे बरोबरीत होते. पुढचा गुण ज्याचा, सामना त्याचा. सशाने मारलेला चेंडू भिंतीवरून परतला, जमिनीवर दोनदा टेकला आणि मगच भाच्याने तो टोलवला. वानराने ते स्पष्ट पाहिलं. पण तोंडून निघालं, "एकदाच टेकला! खेळ चालू!" ससा गोंधळून थबकला, तेवढ्यात चेंडू निसटला. भाचा जिंकला.

टाळ्या वाजत असतानाच ससा वानराजवळ आला. "आजोबा, मला दोनदा टेकल्यासारखा वाटला. पण तुम्ही म्हणता म्हणजे माझेच डोळे चुकले असणार."

सशाने भांडण काढलं असतं, तर वानराने त्याला दटावून गप्प केलं असतं. आता मात्र त्याला मान वर करवेना.

"तुझे डोळे चांगले आहेत, बाळा," तो सर्वांदेखत कसाबसा म्हणाला. "माझीच नियत फिरली. सामना तू जिंकलास."

भाच्याने गळ्यात पडलेली विजयाची माळ काढून सशाला घातली.

"आजोबा, पुढच्या वर्षीही पंच तुम्हीच," ससा म्हणाला.

हो म्हणायला वानराची जीभ रेटेना, आणि अजूनही विश्वास टाकणाऱ्या सशाला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.