कोरड्या पिंडीची अष्टमी

बोरजाईच्या महादेवाला चैत्रातल्या अष्टमीला आलात, तर पिंड कोरडी दिसेल. वर गळतीचे भांडे टांगलेले नसते, बेलही नसतो. नवखे लोक गुरवाला बोल लावतात, पूजा चुकवली म्हणतात. पूजा चुकलेली नसते. त्या दिवशी देवाने थांबायचे असते. का, ते सांगतो. चपला तिकडे काढा आणि आडाच्या काठावर बसू नका.

हा तो आड. पायऱ्या नाहीत, सरळ खाली. काठाच्या दगडाला हे चर पडलेत ते दोराने. दगड कापला गेला, इतके दोर या आडाने खाल्ले. सगळे दोर मांगवाड्यातल्या एकाच घरचे. त्या घरात पूर्वी साळूबाई नावाची बाई होती. किती पूर्वी, ते मला विचारू नका. मलाही कुणी सांगितलेले नाही.

त्या वेळची रीत अशी. आडाचे पाणी साऱ्या गावाचे, मांगवाड्याचे नाही. तिथल्या बायकांनी त्या खालच्या शिळेवर घागर ठेवायची आणि लांब उभे राहायचे. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाही आली तर घागर रिकामी. दोर मात्र मांगाचाच. तो दिवसभर पाण्यात बुडे, त्याचा विटाळ कुणाला होत नसे. नवा दोर आला की गुरव त्याला हळदकुंकू लावी, नारळ फोडी. वळणारीने लांबून हात जोडायचे.

एके वर्षी पाऊस फिरकलाच नाही, असे सांगतात. आडाचे पाणी तळाला गेले, जुना दोर पुरेना. पाटलाने साळूबाईला निरोप धाडला, लांब दोर वळ. तिचा नवरा वारलेला. घरात लेक बाळंतपणाला आलेली. साळूबाई लिंगू गुरवाकडे गेली.

"गुरवबाबा, घागरभर पाणी द्या. वाख भिजवायचाय."

वाख म्हणजे अंबाडीची सोललेली साल. ती ओली करूनच वळतात. कोरडीला पीळ बसत नाही.

लिंगू म्हणाला, "देवाची गळती बंद पडायची वेळ आलीय, आन् तू दोराला पाणी पाजायला निघालीस?"

ती परत गेली. अष्टमीला दोर आला. जाड, घट्ट, एकसारखा. पूजा झाली, दोर आडात उतरला, घागर भरून वर आली. पहिली घागर महादेवाला. गळती सुरू झाली. मग गावाने भरले, आणि तहानलेले होते ते तिथेच प्याले.

शिळेवर साळूबाईची घागर होती. लेकीची सुटका आदल्या दिवशी झाली होती. घरात थेंब नव्हता. बाळ नुसते पुसून ठेवलेले. लेक ओठ चाटत पडलेली.

"आज देवालाच पुरायचं न्हाई," लिंगू म्हणाला. "उद्या बघू."

"उद्यापातूर ती टिकायची न्हाई."

देवळातली गळती टपटपत होती, ती बाहेरपर्यंत ऐकू येत होती म्हणे.

साळूबाई म्हणाली, "गुरवबाबा, दोर कशानं वळला, ते इचारलं न्हाई तुम्ही."

"हातानं. आन् कशानं?"

"पाणी तुम्ही दिलं न्हाई. थुकीनं वळलाय. तळव्यावर थुकून, वीत वीत. तोंड कोरडं पडलं की थांबायचे, थुकी जमली की पुन्हा वळायचे."

एकाने तोंडातला घोट भसकन टाकला. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "आता थुकून काय उपेग, सोमा? गिळलं ते गिळलं. त्या महादेवाकडं बघ. त्याला तर थुकताबी येत न्हाई."

पाटलाने काठी उगारली. "हात मोडून ठेवीन तुझं!"

साळूबाईने दोन्ही हात पुढे केले. "मोडा. मग दोर तुम्ही वळा."

काठी वरच राहिली.

जोशीबुवांना बोलावले. त्यांनी निवाडा दिला. आड बाटला. सारे पाणी उपसून टाका, गोमूत्र शिंपडा, मग जे झरेल ते शुद्ध. पण उपसायला नवा, सोवळा दोर हवा. लोकांनी भरलेल्या घागरी ओतून दिल्या. दुष्काळात. देवाची गळतीही उतरवली, आणि पिंड कोरडी पडली.

पाटलाने घरातला वाख आणवला, गड्यांपुढे टाकला. "वळा."

कुणी हात लावेना. दोर वळतो तो मांग. आज वळला तर उद्या आपल्या पोरीला स्थळ कोण देणार? गड्यांनी पाटलाकडे पाहिले. पाटलाने गुरवाकडे पाहिले. वाख उन्हात पडून राहिला. पोरे पाण्यासाठी रडू लागली.

शेवटी पाटीलच म्हणाला, "साळे, वळ. दाणं देतो."

"वळते. दाणं नगत. वाख भिजवायला पाणी लागतं."

"लिंगू, ओत हिला."

"ओतायचं न्हाई," साळूबाई म्हणाली. "मी शेंदणार."

जोशीबुवा पुढे झाले. "तुझ्या हाताचा विटाळ आडाला—"

"आड बाटलाय, तुम्हीच म्हणालात न्हवं? मग आता माझ्या हातानं आनिक काय बाटायचं ऱ्हायलंय?"

जोशीबुवांनी पुष्कळ विचार केला, असे सांगतात. शास्त्रात उत्तर सापडले नाही. ते बाजूला झाले, म्हणून गावही बाजूला झाले.

साळूबाई काठावर चढली. आयुष्यभर या आडाचे दोर वळले, पण आड आतून कसा असतो ते तिने त्या दिवशी पाहिले. त्याच थुकीच्या दोराने घागर शेंदली, डोक्यावर घेतली आणि घराची वाट धरली.

पाटील ओरडला, "अगं, वाख हितं हाय!"

"वाख थांबतोय. बाळंतीण थांबत न्हाई."

लेक पाणी प्याली. बाळाला अंघोळ मिळाली. दोघेही जगले. मग साळूबाई परत आली, वाख भिजवला आणि दोर वळला. आड उपसला, शुद्ध झाला. तेव्हा लिंगू म्हणाला, "झालं. उद्यापास्नं घागर शिळेवर."

"ठेवते की," साळूबाई म्हणाली. "दोर वरसभरच टिकतो, गुरवबाबा. चैतात माझ्याच दारात याल. तवा मातर कशानं वळला, ते इचारू नका."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शेंदायला आडावर आली. तिला कुणी अडवले नाही. पुढे देवळातही बोलावणे आले होते, पण ती गेली नाही, असे आमच्याकडे सांगतात.

आता गावात नळ आलेत. दोराचे काम उरलेले नाही. तरी आजही तो वळतात. अष्टमीला त्या घरची सून आडावर येते. गुरव साऱ्या गावासमोर तिला मोठ्याने विचारतो, "दोर कशानं वळला?" तिने म्हणायचे, "पाण्यानं." मग तिने पहिली घागर शेंदून घरी न्यायची, आणि त्यानंतर देवाचे स्नान.

उत्तर एका शब्दाचे आहे. पण त्या घरच्या बाया ते लगेच देत नाहीत. आधी गुरवाकडे पाहतात, मग गावाकडे, सावकाश. तोवर सारे गाव हात जोडून उभे असते.